सहा आठवड्यांचा साबण

(डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर त्र्यंबक सरांचं स्वयंपाकघर; शेजारच्या हेमाबाई आल्या आहेत. पातेल्यात लाकडी रवी फिरल्याचा तेवढा आवाज.)

रंगूबाई : कुनीतरी बोला की. माझी भांडी घासून झाली, वटा पुसून झाला, तरी तुमा दोघांचं त्वांड बंद. मयताला आल्यावानी वाटतंया.

त्र्यंबक : आम्ही साबण ढवळतो आहोत, रंगूबाई. ढवळताना बोललं की लय बिघडते.

हेमा : लय माझ्या विषयात असते, सर. मराठीत. तुमच्या रसायनशास्त्रात वेग असतो.

त्र्यंबक : वेग बिघडतो, असं म्हणायचं होतं.

रंगूबाई : मगाशी तर दोघंबी खिदळत व्हता. बाईंचा फोन वाजला, त्या ग्यालरीत गेल्या, परत आल्या, म्हनल्या, 'पंधरा डिसेंबरचं तिकीट आलं.' तवापासनं ह्या घरातली वीज गेल्यावानी झालंया.

हेमा : अनिमेषनं पाठवलं. हैदराबादचं, विमानाचं, एकेरी. 'आई, तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा घेतली आहे,' म्हणाला. आईला खिडकी आवडते हे मुलाच्या लक्षात राहिलं. कोणती, ते राहिलं नाही.

त्र्यंबक : बेचाळीस.

हेमा : काय बेचाळीस?

त्र्यंबक : मिश्रणाचं तापमान. बेचाळीस अंश.

हेमा : मी तिकिटाबद्दल बोलत होते.

त्र्यंबक : ऐकलं मी. अभिनंदन.

हेमा : कशाबद्दल?

त्र्यंबक : खिडकीबद्दल.

रंगूबाई : सर, तुमी ढवळा. तुमाला बोलायचं जमत न्हाई. आन् ते काळे चष्मे काढा आदी दोघांनी. कुनाकडं बगून बोलावं तेच कळंना.

त्र्यंबक : कॉस्टिक सोडा डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. संरक्षण म्हणजे संरक्षण.

रंगूबाई : मोतीबिंदूच्या दवाखान्यातले हाइत ते.

हेमा : हो. सरांचा उजवा डोळा आणि माझा डावा. दोघांना मिळून एक धड माणूस गेल्या वर्षी पाहू लागला. आता नवे गॉगल विकत आणले असते, तर साबणातली सगळी बचत डोळ्यांदेखत गेली असती.

रंगूबाई : आन् हेल्मेट?

त्र्यंबक : माझं आहे. स्कूटर विकली, हेल्मेट कुणी घेतलं नाही.

रंगूबाई : समोरच्या बिल्डिंगीतल्या विनिता म्याडमनी वॉचमनला धाडलं व्हतं जिन्यात. 'सरांच्या घरात काय चाललंय? दोघं काळे चष्मे लावून एका भांड्यात वाकून बगत्यात, एकाच्या डोक्यात हेल्मेट.'

हेमा : अरे देवा. मग तुम्ही काय सांगितलंत?

रंगूबाई : म्हनलं, गिरान हाय. पातेल्यातल्या पान्यात बगत्यात.

त्र्यंबक : रंगूबाई, आज ग्रहण नाही.

रंगूबाई : ते मला ठावं हाय. वॉचमनला न्हाई. त्यो बी खाली बादलीत पानी घिऊन उनात बसलाय.

हेमा : सर, रवी धरा. मला हसताना ढवळता येत नाही.

त्र्यंबक : मलाही येत नाहीये. हेल्मेटच्या आत वाफ धरली आहे.

रंगूबाई : हां, आता कसं. आता घर वाटतंया. पर किती येळ ढवळनार?

त्र्यंबक : घट्ट होईपर्यंत. अजून पातळ आहे.

रंगूबाई : पातळ? सर, रवी उभी ऱ्हायलीया त्यात. हात सोडा बगू. बगा. पडली का? श्रीखंड झालंया त्याचं कवाच.

त्र्यंबक : चष्म्यातून मला ते काळोखासारखं दिसत होतं. हेमाबाई, तुमच्या लक्षात आलं नाही?

हेमा : मला वाटलं, तुम्ही पाहता आहात.

त्र्यंबक : मला वाटलं, तुम्ही पाहता आहात.

हेमा : विषय तुमचा. मी कसं म्हणणार, सर, घट्ट झालं म्हणून?

त्र्यंबक : आणि स्वयंपाकघराचा अनुभव तुमचा. मी कसं म्हणणार?

रंगूबाई : धन्य हाय. दोघं एकमेकांचा मान राखत बसले आन् साबनाचा दगड झाला असता. आना ते डबे.

हेमा : अहो सर, हे सगळे श्रीखंडाचे डबे? अकरा?

त्र्यंबक : दर पाडव्याला अर्धा किलो. आई गेल्यानंतरचे आहेत. रिकामा डबा टाकवत नाही.

हेमा : एकट्यानं अर्धा किलो?

त्र्यंबक : चार दिवस पुरतं. बारावाही होता. गेल्या पाडव्याला तुमच्याकडे दिला, त्यातून कोथिंबीरवडी येणार होती.

हेमा : आली नाही का? मग तो माझ्या फ्रिजमध्ये आहे. त्यात कडीपत्ता आहे.

त्र्यंबक : असू द्या. मी मागत नाहीये. नोंद म्हणून सांगितलं.

हेमा : ओता सावकाश. कडेनं. मी डबा धरते. काय सुंदर दिसतं आहे हो हे, चष्मा काढल्यावर. पावसाळा संपता संपता एक ऊन पडतं ना, दमलेलं, पिवळट, त्या रंगाचं.

त्र्यंबक : तो बटाटेवड्याचा रंग आहे. हळद.

रंगूबाई : वासबी वड्याचाच येतोया.

त्र्यंबक : उत्तमनं तेल गाळून दिलं होतं. तरी राहिला थोडा.

रंगूबाई : उत्तम कोन?

त्र्यंबक : विद्यार्थी. ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोसमोर त्याची वड्याची गाडी आहे. नववीत रसायनात दोनदा नापास झाला.

हेमा : आणि आता सरांना कच्चा माल पुरवतो. पाच लिटर वापरलेलं तेल, फुकट. अट एकच: पहिल्या साबणाची एक वडी त्याला. त्याला बघायचं आहे, म्हणाला, की सर फळ्यावर लिहायचे ते खरं असतं का. रंगूबाई, तो कॅन यांनी कल्याणच्या एसटीत मांडीवर घेऊन आणला. सांगा ना सर, पुढचं तुमच्या तोंडून ऐकायचं आहे मला.

त्र्यंबक : चौथ्यांदा?

हेमा : हैदराबादला कोण सांगणार मला?

त्र्यंबक : झाकण सैल होतं. बस सुटली आणि वास पसरला. आधी पुढच्या बाकावरच्या बाई मागे वळून पाहू लागल्या. मग एक गृहस्थ म्हणाले, 'काका, गरम आहेत का?' मी म्हटलं, 'काय?' ते म्हणाले, 'वडे.' मी म्हटलं, 'हा साबण आहे.' त्यानंतर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

हेमा : कंडक्टर.

त्र्यंबक : कंडक्टर दोनदा येऊन तिकीट तपासून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, 'साहेब, चटणी तरी आहे का?'

रंगूबाई : आई गं. बाई, पुसा डोळं. हातमोज्यानं नका पुसू.

त्र्यंबक : नाही, हातमोजा नको, सोडा आहे त्याला. थांबा, हेमाबाई, थांबा, हात खाली. रंगूबाई, पंचा द्या. स्वच्छ पाण्यात भिजवून. हं. जळजळतंय?

हेमा : नाही. काही नाही. हसण्याचंच पाणी आहे.

त्र्यंबक : नक्की?

हेमा : बहुतेक हसण्याचंच.

रंगूबाई : ह्यो पंचाबी जांभळाच दिसतोया. ह्या म्हैन्यात समदंच जांभळं निघतंया.

त्र्यंबक : हे मी विचारणारच होतो. माझे पांढरे सदरे अलीकडे किंचित जांभळे होत चालले आहेत. पाण्यात काही असेल, असा माझा तर्क होता.

रंगूबाई : पान्यात कशाचं. बाईंची ती नवी वांगी रंगाची साडी हाय ना, ती रंग सोडती.

हेमा : माझी साडी? यांच्या सदऱ्याशी तिचा काय संबंध?

रंगूबाई : मग? दोन्ही घरचं कपडं म्या एकाच बादलीत भिजवते की.

त्र्यंबक : एकाच?

हेमा : केव्हापासून?

रंगूबाई : तीन वर्सं झाली. तुमीच म्हनला न्हाई का, रंगूबाई, साबन जपून वापरा? एका मानसाचं चार कपडं, त्याला येक बादली. दुसऱ्या मानसाचं चार कपडं, त्याला येक बादली. कशाला? एकात भिजवायचं, एकदाच साबन लावायचा, पिळून आपापल्या दोरीवर. तुमी आता साबन करून पैसं वाचवायला निगालाय. म्या तर तीन वर्सं वाचवतेया.

हेमा : आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीत.

रंगूबाई : कपड्यांनी काय तक्रार केली न्हाई. मंग तुमाला काय सांगायचं?

त्र्यंबक : सदऱ्याच्या रंगाबद्दल माझीही तक्रार नाही. मला तो बरा वाटला. म्हणून विचारायचं राहिलं.

हेमा : सर, पाचवा डबा सांडतो आहे.

त्र्यंबक : हो. हो. क्षमा करा.

हेमा : आणि हे पातेलं कुठून काढलंत? थांबा, तिरकं करा. काय कोरलंय हे? 'सेवानिवृत्तीनिमित्त सस्नेह भेट, शिक्षकवृंद.' अहो, हे तर आम्ही दिलेलं. दहा वर्षं झाली. अजून याच्यावरचा कागदी लेबलाचा डिंकसुद्धा गेलेला नाही.

त्र्यंबक : आज पहिल्यांदा वापरलं. ॲल्युमिनियम चालत नाही, सोडा त्याला खातो. स्टीलचं एवढं मोठं हेच होतं.

हेमा : दहा वर्षं कपाटात?

त्र्यंबक : सात लिटरचं आहे. मी एकटा. त्यात मी काय करणार होतो? मला तेव्हाही प्रश्न पडला होता की ब्रह्मचारी माणसाला सात लिटरचं पातेलं द्यायची कल्पना शिक्षकवृंदात कुणाला सुचली असेल.

हेमा : मला.

त्र्यंबक : तुम्हाला?

हेमा : स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात मीच गेले होते. बाकीचे म्हणत होते, भिंतीवरचं घड्याळ देऊ. मी म्हटलं, निवृत्त माणसाच्या भिंतीवर घड्याळ लावणं म्हणजे क्रूरपणा आहे. पातेलं द्या. घरात मोठं भांडं असलं की कधीतरी कुणी जेवायला येतं.

त्र्यंबक : नाही आलं.

हेमा : मला काय ठाऊक, तुम्ही ते कोरं ठेवाल.

रंगूबाई : बोलवायला लागतं, सर. मोठं भांडं बगून मानूस वासानं येत न्हाई. वड्याचं तेल असलं तर गोष्ट येगळी.

हेमा : अकरा डबे भरले. पातेल्यात अजून दोन तरी होतील एवढं आहे.

त्र्यंबक : मोदकाचा साचा आहे. आईचा.

हेमा : साबणाचे मोदक? नको. मी विसरून नैवेद्य दाखवीन.

त्र्यंबक : तुम्ही कशा दाखवाल? तुम्ही तर...

हेमा : हो. खरंच की. मी नसेनच.

रंगूबाई : झालं. पुन्ना वीज गेली. बाई, मी काय म्हनते, ह्या येका वडीमागं खरंच किती पैसं वाचत्यात?

त्र्यंबक : तसा विचार केला तर वजनकाटा, तापमापक, हातमोजे, सोडा, कल्याणहून इथपर्यंतची रिक्षा. हा भांडवली खर्च झाला. तो धरला, तर पहिली वडी दुकानातल्या वडीच्या नऊ पट महाग पडते.

रंगूबाई : नऊ पट?

त्र्यंबक : पण पुढच्या खेपेला निम्म्यानं उतरेल. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. पाचव्या वर्षी आपण नफ्यात येतो.

हेमा : पाचव्या वर्षी, सर, आपण सत्तरीपलीकडे असू. साबण नफ्यात आणि आपण तोट्यात.

त्र्यंबक : बचतीकडे दीर्घकाळानं पाहावं लागतं.

रंगूबाई : म्हनून लायटर घेत न्हाई व्हय तुमी?

त्र्यंबक : कसला लायटर?

रंगूबाई : ग्यासचा. दोन म्हैनं झालं तुमचा बिगडून. रोज सकाळी चहाच्या टायमाला बाईंचं दार वाजवायचं. 'हेमाबाई, जरा लायटर.' बाजारात पन्नास रुपयाला मिळतो.

त्र्यंबक : पन्नास रुपये म्हणजे पैसेच असतात.

रंगूबाई : आन् काडेपेटी दोन रुपयाला.

त्र्यंबक : काडेपेटी मी घरात ठेवत नाही. प्रयोगशाळेत एकदा पडदा पेटला होता. तेव्हापासून देवापुढेसुद्धा बटणाचा दिवा आहे.

हेमा : रंगूबाई, आजही लायटर माझाच आहे. तो बघा, ओट्यावर. तेल कोमट करायला सकाळी घेऊन आले. असू दे हो. रोज सकाळी कुणीतरी दार वाजवतं, तेवढ्यासाठी मी लवकर उठते. नाहीतर पडून राहिले असते छताकडे बघत.

त्र्यंबक : डब्यांवर आता फडका घालू. सावलीत ठेवायचे. हलवायचे नाहीत. आज चार डिसेंबर. सहा आठवडे म्हणजे पंधरा जानेवारी.

रंगूबाई : म्हंजी संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी.

त्र्यंबक : किंक्रांत. हो.

रंगूबाई : येक दिस आदी झाला असता तर बाईंनी वाण म्हनून लुटला असता. तिळगूळ घ्या, कपडं धुवा.

हेमा : वाण लुटायला मला कोण बोलावतं, रंगूबाई? माझ्या यजमानांना जाऊन नऊ वर्षं झाली.

रंगूबाई : आमच्या चाळीत या. आमच्यात समद्या येत्यात. साबन वाटला तर शेजारच्या चाळीतल्याबी येतील.

हेमा : यंदा नाही जमणार. सर, एक वडी मला कुरिअरनं पाठवाल? निदान एक. मी हैदराबादला अनिमेषच्या कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवीन. वापरणार नाही. वास घेईन. कुणी विचारलं तर सांगेन, आमच्या डोंबिवलीत कपडे असे धुतात.

त्र्यंबक : पाठवीन. नीट गुंडाळून पाठवीन.

रंगूबाई : पर सहा आठवडं कशापायी?

त्र्यंबक : मुरायला. आतला सोडा पूर्ण संपायला हवा. आत्ता लावलात तर तुमचे हात सोलून निघतील.

रंगूबाई : म्हनून तर शिजवायचा.

त्र्यंबक : काय?

रंगूबाई : शिजवायचा साबन. लगीन झाल्यावर चार वर्सं म्या आंबिवलीला साबनाच्या कारखान्यात व्हते. पत्र्याची शेड, ही मोठी कढई, खालनं जाळ. सकाळी शिजवला, रातभर गार केला, दुसऱ्या दिशी तारेनं कापला, तिसऱ्या दिशी बाजारात. सहा आठवडं थांबला असता तर मालक भिकंला लागला असता.

हेमा : तीन दिवसांत?

रंगूबाई : आजबी व्हतंय. परत पातेल्यात वता, बारीक ग्यासवर ठिवा, शिजवा. परवा बाईंच्या हातात वडी. ब्यागेत घालून घिऊन जातील. कुरियर कशाला?

हेमा : तुम्ही हे आधी का नाही बोललात?

रंगूबाई : मला इचारलं कुनी? सर म्हनले सहा आठवडं. मला वाटलं, शिकलेल्या मानसाचा साबनबी शिकून निगत असंल, येळ लागत असंल त्याला.

हेमा : सर.

त्र्यंबक : हं.

हेमा : हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

त्र्यंबक : पद्धती दोन आहेत. शीत प्रक्रियेत दर्जा चांगला राहतो.

हेमा : दर्जा. वड्याच्या तेलाचा.

त्र्यंबक : आणि गॅसची बचत होते.

रंगूबाई : बाईंच्या लायटरनं पेटतो तो.

हेमा : सर, आपल्या शाळेत तुमची प्रयोगशाळा आणि माझा नववी 'ब' चा वर्ग, यांच्या मध्ये काय होतं, आठवतं?

त्र्यंबक : भिंत.

हेमा : प्लायवूड. त्यालाही वरच्या बाजूला वीतभर फट. बावीस वर्षं. दर जानेवारीत, माझा कवितेचा तास ऐन रंगात आलेला असायचा, मुली ओळीच्या टोकाशी श्वास धरून बसलेल्या असायच्या, आणि पलीकडून तुमचा आवाज यायचा. 'मिश्रण मंद आचेवर वीस मिनिटे उकळावे. सतत ढवळावे. मग मीठ घालावे.' माझ्या कितीतरी मुलींना कवितेआधी ते पाठ झालं. मलाही झालं.

त्र्यंबक : मी इतक्या मोठ्यानं बोलायचो?

हेमा : मागच्या बाकाला ऐकू जावं म्हणून. मागचा बाक म्हणजे पुष्कळदा मीच होते.

त्र्यंबक : म्हणजे दिवाळीनंतर मी सहा आठवडे म्हणालो, तेव्हाच तुम्हाला...

हेमा : तेव्हाच. आदल्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं की अनिमेष डिसेंबरच्या मध्यावर न्यायचं म्हणतो आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही लायटर मागायला आलात आणि म्हणालात, 'हेमाबाई, बाजारातली वडी फार लहान झाली आहे, आपण घरी साबण करू. सहा आठवडे लागतात.' त्यानंतर तीन आठवडे तुम्ही नुसता वजनकाटा निवडत होता. मला बोलावून बोलावून दाखवत होता. हा बघा, हा एक ग्रॅमपर्यंत अचूक, हा अर्ध्या.

त्र्यंबक : काटा अचूक असावा लागतो.

हेमा : असावाच लागतो.

त्र्यंबक : मग तुम्ही बोलला का नाहीत?

हेमा : ढवळताना बोललं की लय बिघडते, सर.

रंगूबाई : आता काय हसावं का रडावं तेच कळंना मला. म्हंजी ह्यांना ठावं व्हतं, त्यांनाबी ठावं व्हतं, आन् म्या येकलीच येडी, मोठ्या हुशारीनं सांगत बसले.

हेमा : तुमचा काही दोष नाही. कुणीतरी सांगायला हवंच होतं. आम्ही दोघांनी आणखी दहा वर्षं एकमेकांचा मान राखला असता.

रंगूबाई : माझं काय. बाई गेल्या तर माझं येक घर जातंया. पर तुमाला ब्यागेत वडी न्यायची आस व्हती म्हनून बोलले. मंग सांगा आता. हे डबे परत पातेल्यात वतू? पेटवू ग्यास?

त्र्यंबक : थांबा, रंगूबाई. जरा थांबा.

रंगूबाई : हेल्मेट काढा, सर. त्यातनं आवाज हांड्यातनं आल्यावानी येतोया.

त्र्यंबक : काढतो. हेमाबाई, मला अशा गोष्टी नीट मांडता येत नाहीत. मी चौतीस वर्षं साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान, एवढंच लिहीत आलो. तुमचा मुलगा चांगला आहे. त्याचं घर मोठं आहे. तिथे लिफ्ट बंद पडत नाही, पाणी जात नाही, नात आहे. मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. अनुमान तुमच्या जाण्याच्याच बाजूनं निघतं. तरीही मी काटा निवडत बसलो.

हेमा : पुढे.

त्र्यंबक : पुढे एवढंच. शिजवला, तर परवा तयार होईल. तुम्ही पंधराला तो बरोबर न्याल. त्यात गैर काही नाही. मुरू दिला, तर सहा आठवडे. मी एकट्यानं तो हलवू नये म्हणून कुणीतरी लक्ष ठेवायला लागेल. मला सवय आहे मधेच झाकण काढून बघायची.

रंगूबाई : हां. आता बोलले.

त्र्यंबक : म्हणून तुम्हाला विचारतो. मी ठरवणार नाही, तुम्हीच सांगा. शिजवायचा की मुरू द्यायचा?

रंगूबाई : बाई, सर काय इचारत्यात.

त्र्यंबक : घाई नाही.

रंगूबाई : बाई? अवो, हातमोजं तरी काढून जा. बाई, चप्पल उलटी घातलीया तुमी.

त्र्यंबक : जाऊ द्या त्यांना.

रंगूबाई : गेल्या की. दारबी लोटून घेतलं त्यांनी त्यांचं. रागावल्या का काय?

त्र्यंबक : मला कळलं नाही. चष्मा होता त्यांच्या डोळ्यांवर पुन्हा.

रंगूबाई : मंग आता ह्या साबनाचं काय करायचं? म्या ग्यास पेटवू का नको? का ऱ्हाऊ द्यायचा असाच? आँ, लायटर कुटं गेला? हितंच वट्यावर व्हता. पुसताना म्याच उचलून बाजूला ठिवला.

त्र्यंबक : जाताना त्यांच्या हातात होता.

रंगूबाई : घिऊन गेल्या? मंग तुमचं रातचं जेवान कसं व्हायचं, सर?

त्र्यंबक : असू द्या, रंगूबाई. आज काही शिजवायचं नाही.